डाव्या पायाखालची जागा

जुन्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी तीन पेडलं होती. उजवीकडे एक्सलेटर, मध्ये ब्रेक आणि डावीकडे मी. नव्या गाडीत दोनच आहेत. जीपच्या गिअरच्या मुठीवर चार आकडे होते आणि मागे जाण्यासाठी एक अक्षर. नव्या गाडीत आकडा एकही नाही, अक्षरं मात्र चार आहेत. जीपमध्ये नऊ जणांची जागा होती आणि चौदा जण बसत. नव्या गाडीत पाच जणांची जागा आहे आणि बहुतेक वेळा दोघंच बसतात. चालवणाऱ्याचे पाय दोन्ही गाड्यांत दोनच, आणि ते एकाच माणसाचे आहेत.

मित्रांनो, मी एक जुना क्लच आहे. नेमकं सांगायचं तर क्लचचं पेडल. पण ड्रायव्हर मंडळी पेडलालाच क्लच म्हणतात, म्हणून मीही तेच नाव लावतो. एक वाकडा लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला हाताच्या पंजाएवढी पट्टी आणि पट्टीवर काळं रबर, एवढाच माझा देह. रबरावर पूर्वी उभ्या रेघा होत्या, पाय घसरू नये म्हणून. त्या कधीच झिजल्या. आता मी नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत आहे.

माझं काम सांगायला सोपं आहे. इंजिन सुरू झालं की ते फिरतच राहतं. चाकांना मात्र कधी थांबायचं असतं, कधी हळू जायचं असतं. दोघं एकमेकांना घट्ट धरून असतात. मला खाली दाबलं की ती पकड सुटते, आणि सोडलं की पुन्हा बसते. या दाबण्या-सोडण्याच्या मध्ये एक जागा आहे. तिला अर्धा क्लच म्हणतात. तिथे इंजिन चाकांना धरतही नाही आणि सोडतही नाही. गाडी चढावर उभी असते, ना पुढे ना मागे. नुसती थरथरते. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे क्षण या जागेतले आहेत.

त्या जागेची नस एकाच माणसाला कळली होती. त्याचं नाव रामधन. शिरपूर जैनचा रामधन वाशीमच्या रेल्वे स्टेशनवरून सवाऱ्या भरायचा आणि शिरपूरला आणून सोडायचा. सवाऱ्यांत तिथल्या जैन मंदिराला येणारे भाविक फार. कुणी गुजरातचे, कुणी राजस्थानचे. ते गाडीत बसल्या बसल्या एकमेकांना सांगायचे की इथली मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, तिच्या खालून पातळ कापड आरपार जातं. मी खाली पायाशी बसून ऐकायचो. मला त्यात नवल वाटायचं नाही. अधांतरी राहणं मला ठाऊक होतं.

रामधनची एक रीत होती. गाडीत चढला की तो डाव्या पायातली चप्पल काढून सीटखाली सारायचा. उजव्या पायातली तशीच. नवी सवारी हसायची. कुणी तरी विचारायचंच, "काहून हो, एकच चप्पल घेतली काय?"

"उजव्या पायाले काय, दाबलं का झालं," रामधन म्हणायचा. "डाव्या पायाले आयकू आलं पाह्यजे."

खरंच त्याचा तळवा ऐकायचा. इंजिनाची पकड बसायला लागली की माझ्या दांड्यातून एक बारीक कंप वर येई. चप्पल घातलेल्या पायाला तो कळत नाही. रामधनच्या अनवाणी तळव्याला तो नेमका कळे, आणि चौदा माणसं भरलेली जीप जागेवरून अशी हले की मांडीवर झोपलेलं मूल जागं होत नसे.

दुसरी रीत याहून कडक होती. काम झालं की तो पाय माझ्यावरून लगेच उचलायचा. बरेच जण क्लचवर पाय टेकवून गाडी चालवतात. त्यानं आतली, पकड धरणारी प्लेट घासत राहते आणि जळते. रामधननं हे कधी केलं नाही. क्षणभर यायचा, दाबायचा, निघून जायचा. त्याचा पाय बाजूच्या पत्र्यावर विसावायचा आणि मी त्याच्या पुढच्या येण्याची वाट बघायचो. माझी तक्रार नव्हती. पण मित्रांनो, खरं सांगतो, तो पाय थोडा वेळ माझ्यावर नुसता टेकून राहावा, अशी एक इच्छा माझ्या मनात होती. ती इच्छा पुरी होणं म्हणजे माझं नुकसान, हेही मला कळत होतं.

मग रामधनचा डावा गुडघा दुखू लागला. आधी चढावर, मग सपाटीवर, मग नुसता मला दाबतानाही. तो ओठ दाबून मला दाबायचा. अकोल्याच्या डॉक्टरनं गुडघ्याचं ऑपरेशन केलं आणि सांगितलं की चालणं होईल, फिरणं होईल, पण क्लचची गाडी आता नको. तोवर जीपही थकलीच होती. तिच्या कागदांची मुदत संपली. खालिदच्या गॅरेजमागे, निंबाच्या झाडाखाली तिला उभं केलं गेलं.

खालिद म्हणजे आमचा मिस्त्री. माझ्या प्लेटा त्यानंच बदलल्या, माझी वायर त्यानंच ओढून दिली. जीप भंगारात द्यायची म्हणून त्यानं इंजिन काढलं, वायर कापली. मी सैल पडलो. कुणी हात लावला तर टपकन खाली जायचो आणि खालीच राहायचो.

झाडाखालचे ते दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. जमिनीतून गवत वर आलं आणि पत्र्याच्या भोकातून आत शिरलं. एका कुंभारमाशीनं माझ्या पाठीला चिखलाचं घर बांधलं. दुपारी निंबाच्या सावल्या काचेवरून सरकायच्या आणि मला वाटायचं, जीप चालली आहे. झाडं मागे जात आहेत, डाव्या हाताला सोयाबीन, उजव्या हाताला तूर, पुढे स्टेशनचं वळण. मग वारा पडायचा आणि सावल्या थांबायच्या. तेव्हा मी झोपेत कुणाच्या तरी पायाची वाट बघायचो. गाडी थांबताना क्लच दाबायचा असतो ना.

एका सकाळी पाय आला.

रामधन जीपचं दार ओढून आत बसला. त्यानं डावी चप्पल काढली, सीटखाली सारली आणि पाय माझ्यावर ठेवला. मी खाली गेलो आणि तिथेच राहिलो. गॅरेजमधून खालिद हात पुसत आला.

"काका, इथं काहून बसले? तुमची नवी गाडी कुठी हाय?"

"घरी. झाकून ठेवली."

"अन् किल्ली?"

"ज्वारीच्या कोठीत. तुह्या काकूनं लपवली."

खालिद दाराला टेकला. मग रामधननं सगळं सांगितलं, आणि मलाही ते तेव्हाच कळलं.

त्याची लेक साधना वाशीमला राहते. तिनं आपली वापरलेली गाडी बापाला दिली होती. बिनक्लचची. इंजिन आणि चाकं तिच्यात आपली आपण धरतात, आपली आपण सोडतात. गिअरचा दांडा 'डी' या अक्षरावर ओढायचा आणि निघायचं. रामधनची बायको रंगूबाई पहिल्यांदा त्या गाडीत बसली तेव्हा तिनं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "डावा हात रिकामा, डावा पाय रिकामा. म्हंजे अर्धाच माणूस गाडी चालवते काय? मंग उरलेल्या अर्ध्यानं मले हरभरे सोलून द्या."

पहिले दोन-तीन दिवस गावातल्या गावात नीट गेले. मग दोघं वाशीमला निघाली. रंगूबाईच्या मांडीवर लेकीसाठी कढीचं पातेलं होतं. रस्त्यात पुढे एक ट्रॅक्टर आला. गाडी हळू करायची वेळ आली. रामधनचा उजवा पाय बरोबर ब्रेकवर गेला. पण डावा पाय, कुणी बोलावलं नसताना, आपला आपण उठला. हळू व्हायचं म्हणजे क्लच दाबायचा, हे त्याला पाठ होतं. त्यानं डावीकडचं पेडल शोधलं. नव्या गाडीत डावीकडचं पेडल म्हणजे ब्रेक, आणि तो रुंदही असतो. पायानं तो जमिनीपर्यंत दाबला, क्लच दाबतात तसा.

गाडी जागच्या जागी थांबली. मागून येणारा मोटारसायकलवाला कसाबसा बाजूनं निघाला आणि शिव्या देत गेला. रंगूबाईचं कपाळ समोर आपटलं. कढी सगळीकडे झाली.

"टेंगूळ आलं तिले," रामधन म्हणाला. "लिंबाएवढं. थो मोटारसायकलवाला वाचला, नाही तं..." तो थांबला. "ब्रेक मारायचं म्या ठरवलंच नव्हतं, खालिद. पायानं मारला. इतकी वर्षं या पायाच्या भरवशावर पोट भरलं. आता थोच माह्यं आयकत नाही."

"चप्पल घालून पाहा नं डाव्या पायात."

"घातली. चप्पल घालूनबी ब्रेकवरच गेला."

"मंग बांधून टाका, सीटले."

"बांधला," मागून आवाज आला. रंगूबाई नवऱ्याला शोधत तिथपर्यंत आली होती. कपाळावर हळद होती. "दुपट्ट्यानं बांधला. अंगणातल्या अंगणात गाडी चालवली. यायनं दुपट्टा फाडला."

"नवा होता काय, काकू?"

"तुह्या काकाच्या परीस नवा होता."

खालिद हसला. रामधन हसला नाही. त्याचा पाय अजून माझ्यावर होता. रंगूबाईनं वाकून तो पाय पाहिला, मग मला पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे असं कायले बसले तुमी? याच्यात तं इंजनबी नाही."

"बरं वाटते."

"पाय दुखून राह्यला काय?"

"नाही. याले वायरच नाही, मंग दुखीन कसा?"

रंगूबाई सरळ झाली. मग ती खालिदकडे वळली.

"खालिद, लेकरू अंगावरचं दूध सोडत नसलं तं आपण त्याचे हात बांधतो काय? त्याच्या हातात काही तरी देतो. हा पाय दुसरं काही मागूनच नाही राह्यला. याले हेच पाह्यजे. हे काढ अन् तिकडं बसव."

"काकू, त्या गाडीले क्लच लागत नाही."

"गाडीले नाही लागत. यायले लागते."

खालिदनं डोकं खाजवलं. मग तो गेला आणि पाना अन् करवत घेऊन आला.

मित्रांनो, मला कापताना दुखलं नाही. कुंभारमाशीचं घर रिकामं होतं, ते अलगद गळून पडलं. खालिदनं माझा वाकडा दांडा तिथेच सोडला आणि फक्त वरची पट्टी, रबरासकट, नव्या गाडीत नेली. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, जिथे पाय नुसता टेकवायची जागा असते, तिथे त्यानं मला बोल्टांनी घट्ट आवळलं. पुन्हा पुन्हा हलवून पाहिलं. मी हललो नाही. मग त्यानं वीत लावून ब्रेकपासूनचं माझं अंतर पाहिलं आणि ते जीपमध्ये होतं तेवढंच ठेवलं.

"आता हा दबणार नाही," तो म्हणाला. "वायर नाही, दांडा नाही. नुसतं आपलं खोटं."

"खोटं कायचं?" रंगूबाई म्हणाली. "थोच तं हाय."

मी तोच होतो का, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्यामागे आता काहीही नव्हतं. मला दाबल्यानं काहीही होणार नव्हतं. तरी रामधननं डावी चप्पल काढून पाय ठेवला तेव्हा त्याच्या तळव्यानं मला लगेच ओळखलं. अंगठ्याखालची जाड कातडी माझ्या झिजलेल्या खळग्यात बसली.

पण किल्ली अजून कोठीत होती, आणि रंगूबाई ती सहजासहजी देणारी नव्हती. तिनं अट घातली. उद्या सकाळी वाशीमला लेकीकडे जायचं. तिच्या मांडीवर पाण्याचा गडवा राहील, बिनझाकणाचा. पोचेपर्यंत गडव्यातलं पाणी दोन बोटांहून जास्त उतरलं, तर किल्ली साधनाच्या हातात द्यायची आणि रामधननं पुन्हा कधी कुठल्याच गाडीचं नाव काढायचं नाही.

"कधीच नाही?" रामधननं विचारलं.

"कधीच नाही. मी ऑटोत जाईन. तुमी माह्या बाजूले बसान. ऑटोवाला जे गाणे लावीन ते आयकान."

रामधननं मान हलवली. मी पायाशी होतो, म्हणून मला दिसलं की त्याची बोटं आत मुडपली.

सकाळी खालिदही मागच्या सीटवर येऊन बसला. त्याला वाशीमला सामान आणायचं होतं, असं तो म्हणाला. त्यानं ऑइल मोजायचं नवं कोरं माप सोबत घेतलं होतं, प्लॅस्टिकचं, बाजूला रेघा असलेलं. त्यानं मापून सातशे मिलिलिटर पाणी गडव्यात ओतलं.

"दोन बोटं म्हंजे शंभर धरू, काकू. सहाशेच्या वर राह्यलं तं काका पास."

"तू परीक्षा घ्यायले आला का सामान आणायले?"

"दोन्ही."

गाडी निघाली. पहिल्या गतिरोधकाला डावा पाय उठला. मी त्याच्या वाटेतच होतो. तो माझ्यावर आला, त्यानं मला दाबलं, आणि उजव्या पायानं हळूच ब्रेक लावला. गाडी सावकाश वर चढली, सावकाश उतरली. पायाला वाटलं, आपलं काम झालं. गडव्यात पाण्याचं एक वलय उठलं आणि मिटलं.

मग एक नवल घडलं. पाय माझ्यावरून गेला नाही. जायचं कशाला? आता प्लेट जळणार नव्हती. माझ्या मागे प्लेटच नव्हती. तो माझ्यावर टेकून राहिला, पूर्ण वजनानं, निवांत. बाहेर रस्त्याच्या कडेला सोयाबीन वाळत घातलेलं होतं आणि सकाळचं ऊन त्यावर पडलं होतं. सावल्या काचेवरून सरकत होत्या, झाडाखाली सरकायच्या तशाच. या वेळी गाडी खरोखर चालली होती. इंजिन आणि चाकं आपापसात काय ते ठरवत होती, मला विचारत नव्हती. मी कशालाच जोडलेला नव्हतो. नुसता पायाखाली होतो. मला अर्ध्या क्लचची जागा आठवली आणि वाटलं, ही तीच आहे, फक्त लांबच लांब पसरलेली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी तरी नवी वस्तू वापरायला शिकत असेल आणि पुन्हा पुन्हा तीच चूक करत असेल. हसण्याआधी त्याच्या हातापायांकडे एकदा बघा. ते आळशी नसतात, हट्टीही नसतात. ते अजून जुन्या कामावर हजर असतात. त्यांना कामावरून काढताना टेकायला थोडी जागा द्या. आणि जुनी वस्तू टाकण्याआधी ती कुणाच्या अंगवळणी पडली आहे, ते विचारा. माझ्याबद्दल रंगूबाईनं विचारलं, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

वाशीम जवळ आलं तेव्हा शेळ्या आल्या. एक कळप डावीकडच्या बांधावरून अचानक रस्त्यावर उतरला, आणि सगळ्यात पुढचं करडू गाडीसमोर येऊन उभं राहिलं. खालिदच्या तोंडून "या अल्ला" निघालं. रामधनचा डावा पाय आला. असा जोर त्यानं जीपमध्येही कधी लावला नव्हता. बोल्ट करकरले. एवढा दाब रुंद ब्रेकवर गेला असता तर काय झालं असतं, ते मला ठाऊक आहे. मी हललो नाही. सगळा दाब माझ्यात आला आणि माझ्यातच राहिला. उजवा पाय त्याच वेळी आपलं वेगळं काम करत होता, आधी थोडं, मग जास्त, मग सोडत सोडत.

गाडी थांबली. पाणी गडव्याच्या गळ्यापर्यंत चढलं, काठावर आलं, थोडं सांडलं आणि परत खाली गेलं. करडू गाडीच्या दिव्याकडे बघत राहिलं. मग आईच्या मागे निघून गेलं.

रंगूबाईनं लुगड्यावरचे थेंब झटकले. मग तिनं खाली वाकून नवऱ्याच्या पायाकडे पाहिलं.

"कुठी हाय थो?"

"जागेवर," रामधन म्हणाला.

"मंग चाला नं. शेळ्या गेल्या."

साधना दारातच उभी होती. तिला काही माहीत नव्हतं. आईच्या कपाळावरची हळद पाहून तिनं विचारलं, "हे काय झालं वो माय?" आणि गडवा पाहून विचारलं, "अन् हे पाणी कायले आणलं? इथं नळ हाय नं."

"थांब बाई, मोजू दे," रंगूबाई म्हणाली.

खालिदनं माप ओट्यावर ठेवलं. ते सपाट बसलं आहे का, हे त्यानं वाकून पाहिलं. रामधन गाडीतून उतरला नव्हता. दार उघडं होतं आणि डावा पाय माझ्यावर होता. रंगूबाईनं गडवा शेवटच्या थेंबापर्यंत मापात उलटा केला. पाणी हलायचं थांबेपर्यंत सगळे थांबले. मग खालिदनं डोळा रेघेशी आणून मोठ्यानं वाचलं.

निघताना सातशे मिलिलिटर होतं. पोचल्यावर सहाशे ऐंशी भरलं.